कर्मधर्मसंयोग

मराठी भाषेत ‘कर्मधर्मसंयोगाने’ असा एक भरघोस शब्द आहे, आणि तो आपण सर्वजण अगदी सहज उच्चारतो. कर्मधर्मसंयोगाने गाडी चुकली. कर्मधर्मसंयोगाने बाजारात जुना स्नेही भेटला. भारतीय तत्त्वज्ञानातील दोन अत्यंत भारदस्त शब्द एकत्र बांधून आपण त्यांचा अर्थ केला तो काय, तर यदृच्छा! ज्या कर्माच्या नियमाने जगातील एकही गोष्ट अकारण घडत नाही असे शास्त्रकार सांगतात, आणि ज्या धर्माने जग धारण केले आहे असे म्हणतात, त्या दोहोंची गाठ पडली की लोकांच्या मते जे उरते त्याला काहीच कारण नसते. या यदृच्छेला दुसरा शब्द आहे ‘योगायोग’. म्हणजे योगशास्त्राचीही सुटका झालेली नाही. शब्दांचे असे अर्थांतर नुसते विनोदाचा विषय म्हणून सोडून देता आले असते. परंतु एखाद्या समाजाने आपल्या थोर शब्दांचे काय केले यावरून त्या समाजाने आपल्या माणसांचे काय केले हेही पुष्कळदा कळून येते, आणि प्रस्तुत लेखात तेच थोडेसे पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नाचणगाव हे वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्याचे गाव. पुलगावचे स्टेशन त्याला लागूनच. पश्चिमेस वर्धा नदी आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा. भोवताली काळी, कपाशीची जमीन. अशा गावी हे दोन शब्द कोणाच्या तोंडी कसे येतात ते पाहावे. कपाशीवर कीड पडली किंवा ऐन वेचणीच्या वेळी पाऊस कोसळला, म्हणजे शेतकरी कपाळाला हात लावून म्हणतो, ‘करम आमचं!’ दाराशी उभा राहिलेला याचक म्हणतो, ‘धरम कर, माय.’ पहिल्याच्या तोंडी कर्म म्हणजे पूर्वीच घडून गेलेले आणि आता हातात न उरलेले. दुसऱ्याच्या तोंडी धर्म म्हणजे ज्याच्यापाशी आहे त्याने ज्याच्यापाशी नाही त्याला घातलेली ओंजळ. शिकलेल्यांची भाषा याहून फारशी निराळी नाही. कर्मकहाणी, कर्मकटकट, क्रियाकर्म या शब्दांत कर्माच्या वाट्याला रड, त्रास आणि मरण एवढेच आले आहे. करावयाचे काम या अर्थाने कर्म शब्द जिवंत राहिला तो ‘कर्मचारी’ या कचेरीतील शब्दात, आणि तेथे तो कितपत जिवंत आहे हे ज्याला कचेरीत हेलपाटे घालावे लागले आहेत त्याने ठरवावे. धर्माचे नशीब त्या मानाने बरे. ‘शेजारधर्म’ हा एक शब्द तरी असा आहे की, त्याला कोणत्याही ग्रंथाचा आधार लागत नाही आणि तो मोडणाराला गाव अजून नावे ठेवते.

आता हेच शब्द योगशास्त्रात काय अर्थाने येतात हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत चार पाद आणि दोनशेच्या आत-बाहेर सूत्रे. त्यांत ‘धर्म’ शब्द येतो तो पुष्कळ ठिकाणी कर्तव्य या अर्थाने येतच नाही. तो येतो वस्तूची अवस्था किंवा वस्तूचा विशेष या अर्थाने. व्यासभाष्यात मातीचे उदाहरण घेतले आहे. माती हा धर्मी. भुगा, गोळा, घट, खापर हे तिचे एकामागून एक प्रकट होणारे धर्म. गोळ्याचा धर्म मावळतो तेव्हा घटाचा उदय होतो, माती तीच राहते. शाळेतील मुलगा विज्ञानाच्या पुस्तकात ‘पाण्याचे गुणधर्म’ पाठ करतो तेव्हा तो नकळत पतंजलीच्याच परिभाषेत बोलत असतो, गीतेच्या नव्हे. या अर्थात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे धर्म हा वस्तूला कायमचा चिकटवून टाकलेला शिक्का नाही. तो पालटतो, आणि पालटू शकतो म्हणूनच योगाभ्यासाला काही प्रयोजन आहे. चित्ताचे धर्म पालटणारच नसते तर आसन घालून बसण्याची दगदग कोणी कशाला केली असती?

कर्माविषयी पतंजलीचे म्हणणे थोडे अधिक गुंतागुंतीचे आहे, परंतु आपल्या विषयाला ते आवश्यक आहे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश हे पाच क्लेश. त्यांच्या मुळावर कर्माचा साठा होतो, त्याला कर्माशय म्हणतात. मूळ जिवंत असेपर्यंत त्या साठ्याचा परिपाक होतो, आणि तो जन्माची जात, आयुष्याची मर्यादा व सुखदुःखाचा भोग या तीन रूपांनी समोर येतो. लोकांनी उचलला तो नेमका एवढाच भाग. जन्म, आयुष्य आणि भोग ठरलेले, मग उरले काय? पण तेथून अवघ्या दोन-तीन सूत्रांवर पतंजली सांगतो की, जे दुःख अजून आलेले नाही तेच टाळावयाचे आहे. सगळे शास्त्र पुढल्या दुःखाकडे तोंड करून उभे आहे. मागल्याचा हिशेब त्याने मांडला तो केवळ पुढल्याचा बंदोबस्त करता यावा म्हणून. चौथ्या पादात तर तो कर्माचे पांढरे, काळे आणि मिश्र असे तीन रंग सांगून योग्याचे कर्म या तिहींहून वेगळे, ना पांढरे ना काळे, असे म्हणतो. पापपुण्याच्या खतावणीतून जे सुटले ते कर्म! पण योगी कर्महीन असतो असे तो म्हणत नाही.

याच ग्रंथात आणखी एक स्थळ आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिल्या पादात चित्त प्रसन्न राखण्याचा उपाय सांगताना पतंजली चार माणसांविषयी चार वृत्ती सांगतो. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि पापी माणसाविषयी उपेक्षा. दुःखी माणूस समोर आला असता त्याच्या कर्माशयात डोकावून पाहा, त्याने मागल्या जन्मी काय केले असेल याचा अदमास घे, असे तो सांगत नाही. दुःखी आणि पापी यांना त्याने मुळी दोन निराळ्या खणांत ठेवले आहे. कर्मसिद्धान्त सांगितला तो साधकाने स्वतःकडे पाहताना. दुसऱ्याकडे पाहताना त्याच्या हाती करुणा दिली. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर कर्मसिद्धान्त हा प्रथमपुरुषी एकवचनी आहे. ‘मी केले, मी भोगतो’ हे म्हणणे माणसाला जबाबदार करते. तेच वाक्य तृतीयपुरुषात नेले, ‘त्याने केले, तो भोगतो’ असे म्हटले, की म्हणणाराची सगळी जबाबदारी संपते आणि तो निवांत घरी जाऊन जेवू शकतो. आपल्या समाजाने शतकानुशतके हे पुरुषांतर केले.

यमांच्या बाबतीतही असेच आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम जात, देश, काळ आणि प्रसंग यांनी मर्यादित न होता पाळले जातात तेव्हाच ते महाव्रत होतात, असे सूत्र आहे. कोळ्याची अहिंसा मासे सोडून, असा जातीने मर्यादित झालेल्या व्रताचा दाखला भाष्यकार देतो. म्हणजे योगशास्त्राचा जो आचारधर्म तो सर्वांना एकच. वर्णावर्णाला वाटून दिलेले कर्म हे पतंजलीच्या सूत्रांत शोधून सापडावयाचे नाही. ते आले ते गीतेच्या आणि स्मृतींच्या वाटेने, ‘स्वधर्म’ या शब्दाबरोबर.

स्वधर्म हा शब्द मोठा मोहक आहे. ज्ञानेश्वरांनी नेवाशास १२९० साली गीतेवर टीका सांगितली. तिच्या तिसऱ्या अध्यायात स्वधर्म हा नित्य यज्ञ मानला आहे, आणि अखेरच्या प्रसाददानात त्याला सूर्याची उपमा दिली आहे. त्या प्रार्थनेतील स्वधर्म साऱ्या विश्वाला दिसावयाचा आहे, हे खरे. परंतु त्याच काळात, त्याच विठोबाच्या दारात चोखामेळा उभा होता आणि त्याला आत येण्याची मुभा नव्हती. चोखोबाच्या नावावरील एका अभंगात आपला हा जन्म पूर्वकर्माचे फळ असल्याचे त्याने म्हटले आहे. अर्थात हे प्रथमपुरुषी म्हणणे होते, आणि भक्ताच्या नम्रतेचे होते. पण त्याच्या मुलाने हे मानले नाही. मुलाचे नाव, कर्मधर्मसंयोगच म्हणावयाचा, कर्ममेळा. हा कर्ममेळा आपल्या अभंगांत विठोबालाच विचारतो की, आम्हांला असा हीन जन्म आणि दुसऱ्याचे उष्टे खाण्याचे जिणे कशासाठी दिले? बापाने कर्म आपल्या माथी घेतले, मुलाने ते देवाच्या माथी टाकले. गावाने मात्र दोघांचेही अभंग ऐकले आणि महारवाडा जेथे होता तेथेच ठेवला. मराठीत कर्मावर पुष्कळ ग्रंथ झाले आहेत, पण या बापलेकांच्या मतभेदाइतका नेमका वाद मला दुसरा आढळला नाही.

मधली शतके येथे सोडून देतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले आणि ते १९१५ साली पुण्यास प्रसिद्ध झाले. ग्रंथाचे दुसरे नावच कर्मयोगशास्त्र. संन्यासाकडे झुकलेली गीता त्यांनी लोकसंग्रहाकडे वळविली, कर्म हा शब्द कपाळावरून काढून पुन्हा हातांत दिला, आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरी तो ग्रंथ पोचला. त्याचे ऋण मोठेच आहे. तथापि तो वाचून वकिलाने वकिली अधिक निष्ठेने केली, शिक्षकाने शाळा काढली, देशभक्त तुरुंगात गेला. घरामागच्या संडासाची टोपली ज्या बाईच्या डोक्यावर होती ती तशीच राहिली. तिचे कर्म कोणते, आणि ते निष्काम बुद्धीने करण्याचा उपदेश तिला कोणी व कोणत्या तोंडाने करावा, हा प्रश्न तेथे उभा राहत नाही.

तो उभा राहिला वर्ध्याच्या परिसरात. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा भावे ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यास आले, त्या वेळी ते पंचविशीत होते. संस्कृतात मुरलेले, गणिताचे वेडे, आणि घर सोडताना आपली परीक्षेची प्रमाणपत्रे चुलीत घालून आलेले. वर्ध्याचे बजाजांचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्यांना खुले झाले, त्यामागे विनोबांच्या आश्रमाचे बळ होते. पुढे आईच्या जुन्या इच्छेची आठवण ठेवून त्यांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद आरंभिला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी तो पुरा केला, तीच गीताई. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, एकूण अठरा, आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. एका प्रवचनकाराला असा लेखनिक लाभावा, तोही तुरुंगात, हा योग विरळा. या प्रवचनांत त्यांनी कर्माला एक नवा जोड शब्द दिला. बाहेरचे स्वधर्माचे काम ते कर्म. त्यात आतून मन ओतले म्हणजे ते विकर्म. आणि दोन्ही जुळली की त्याचा भार नाहीसा होतो, ते अकर्म. विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असा जुन्या टीकाकारांचा अर्थ. तो विनोबांनी सरळ पालटून टाकला. पंडितांनी नाके मुरडली असतील तर त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. पण असा अर्थ पालटावा असे ज्याला वाटले, त्याने पुढे काय केले ते महत्त्वाचे आहे.

नालवाडीस असताना त्यांनी सूतकताईच्या मजुरीवर पोट भरण्याचा प्रयोग केला, म्हणजे गीतेवरील आपल्या प्रवचनाची किंमत मजुराच्या आण्यांत करून पाहिली. १९३८ साली प्रकृती ढासळल्यावर ते धाम नदीच्या काठी पवनारला राहावयास गेले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली आणि त्यानंतरची पुष्कळ वर्षे तुरुंगात गेली. १९४५ साली सुटून आल्यावर, इतरेजन मंत्रिमंडळांच्या वाटाघाटींत गुंतले असताना, या माणसाने निवडलेले काम असे : पवनारहून तीन मैलांवर सुरगाव नावाचे खेडे आहे, तेथे रोज पायी जाऊन गावाने उघड्यावर केलेला मैला उचलावयाचा आणि मातीआड करावयाचा.

१९४६ पासून गांधीजींच्या हत्येपर्यंत, म्हणजे १९४८ च्या जानेवारीअखेरपर्यंत, हे चालले. खांद्यावर फावडे टाकून सकाळी निघावयाचे, काम करावयाचे आणि परत यावयाचे. तेथे ना सभा, ना भाषण. एखाद्या दिवशी समारंभाने झाडू हातात धरून छायाचित्र काढवून घेण्याची जी रीत पुढे सर्वत्र पडली, तिचा येथे मागमूस नव्हता. ते रोजचे होते, सूर्य उगवावा तसे. विनोबांनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. पावसाळ्यात वाटेवरच्या पाण्याला पूर आला आणि पलीकडे जाणे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी काठावर उभे राहून पलीकडच्या माणसाला हाक मारली व सांगितले की, गावचा सफाईवाला येऊन गेला एवढे देवळातल्या देवाला कळव. काम झाले नाही, पण हजेरी लागली. आपल्या नेमाची नोंद गावच्या पाटलाकडे न ठेवता देवाकडे ठेवण्यात जी खोच आहे तिच्यात कर्मयोगाचा सगळा अर्थ आला असे त्यांच्या चाहत्यांना वाटते, आणि मलाही ही आठवण प्रथम वाचली तेव्हा तसेच वाटले होते.

परंतु त्या आठवणीला दुसरी बाजू आहे, आणि ती दाखविली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनाच्या प्रबंधात आणि विशेषतः काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा पंचनामा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी हा प्रश्न निष्ठुरपणे विचारला. मैलासफाईचे काम थोर आहे, पवित्र आहे असे सांगावयाचे कोणाला? जो ते पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने करतो त्याला? जो ते सोडू शकतो त्याने ते आनंदाने करणे ही साधना झाली. जो सोडूच शकत नाही त्याला त्यातला आनंद समजावून सांगणे ही क्रूर थट्टा झाली. विनोबा सुरगावला गेले नाहीत तर त्या दिवशी ते पवनारला उपनिषदे वाचू शकत होते. टोपली वाहणारी बाई आली नाही तर त्या दिवशी तिची चूल पेटत नव्हती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली निघाला. त्यात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना साफ नाकारली आहे. गरिबाच्या दुःस्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळावी, याखेरीज त्या कल्पनेचा दुसरा हेतू दिसत नाही, असा तेथील अभिप्राय आहे. पवनारपासून पन्नास मैलांच्या आत, नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी धर्म पालटला. कर्ममेळ्याने विचारलेल्या प्रश्नाचे सहा शतकांनी मिळालेले हे उत्तर होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या आक्षेपाला सुरगावच्या बाजूने काही उत्तर आहे काय? पूर्ण उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट आक्षेपकांच्याही ध्यानात यावी. जन्माने नेमलेले कर्म सोडून दुसऱ्याचे कर्म उचलणे हे जुन्या अर्थाने परधर्माचे आचरण होते, आणि स्मृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांना तेच झोंबले. सरकारलाही झोंबले, ही त्यातली मौज. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ते ब्राह्मण, तुरुंगाच्या शिस्तीत उच्च जातीच्या कैद्याला ते काम देण्याची सोय नव्हती, म्हणून मागणी नाकारली गेली. गीतेतला स्वधर्म आता इंग्रजी तुरुंगाच्या नियमांत जाऊन बसला होता! अप्पासाहेबांनी उपवास आरंभिला, आणि येरवड्याहून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी त्याच वर्षाच्या डिसेंबरात अन्न सोडले. पुढे अप्पासाहेब येथेच थांबले नाहीत. स्वतः टोपली उचलून दुसऱ्याची टोपली खाली येत नाही, हे त्यांनी ओळखले. कणकवलीस १९४८ साली गोपुरी आश्रम काढून त्यांनी साध्या, स्वस्त संडासाची रचना बसविली. मैल्याला माती मिळून त्याचे परस्पर खत व्हावे, ओल्या मैल्याला कोणाचाच हात लागू नये, अशी ती योजना. या कामाला त्यांनी भंगीमुक्ती म्हटले. भंगीकामाचा गौरव म्हटले नाही. माझ्या मते सुरगावच्या फावड्याहून कणकवलीचा संडास हा कर्मयोगाचा पुढला अध्याय आहे. कर्मातील कौशल्याविषयी गीतेवर इतकी भाष्ये झाली. पण ज्या कर्मानेच माणूस हीन होतो ते कर्म नाहीसे करणे हेही कौशल्य आहे, हे एका कोकणातल्या ब्राह्मणाला विटा रचता रचता सापडले. मैला वाहून नेण्याची प्रथा कायद्याने बंद झाली ती १९९३ साली, आणि तो कायदा पुरेसा नाही असे दिसल्यावर २०१३ साली दुसरा करावा लागला. गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या त्यानंतरही येतच आहेत.

कर्माचे पुरुषांतर आणखी एका ठिकाणी याहूनही क्रूर झाले होते, ते कुष्ठरोगाच्या बाबतीत. अमुक पापाचे अमुक फळ असे कोष्टक मांडणारे कर्मविपाकाचे ग्रंथ संस्कृतात आहेत. शातातपाच्या स्मृतीत ब्रह्महत्येचे फळ कुष्ठ असे सांगितले आहे. म्हणजे रोग्याच्या हातापायांवर त्याच्या मागल्या जन्मीचा गुन्हा छापून आलेला, तो वाचावयास साक्षर असण्याचीही गरज नाही. घरच्यांनी त्याला बाहेर काढले तर ते क्रौर्य नव्हे. ती फक्त निकालाची अंमलबजावणी. वास्तविक नॉर्वेच्या हॅन्सनने या रोगाचे जंतू १८७३ सालीच दाखविले होते. पण खेड्यात सूक्ष्मदर्शक पोचत नाही आणि स्मृती पोचते.

परचुरेशास्त्री हे संस्कृतचे चांगले पंडित, सत्याग्रही, आणि १९३२ साली गांधीजींबरोबर येरवड्याच्या तुरुंगात असलेले. त्यांना हा रोग जडला होता आणि त्यांना वेगळे ठेवले होते. दोघांचा पत्रव्यवहार तेवढा चाले. पुढे १९३९ च्या सुमारास रोग वाढलेल्या अवस्थेत ते सेवाग्रामला येऊन थडकले. आश्रमात लहान मुले होती, आलेगेले पाहुणे होते. ठेवून घेणे सोपे नव्हते. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी बांधून दिली आणि ते रोज स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश करीत. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. मला त्यातील गांधीजींपेक्षा शास्त्रीबुवांविषयी अधिक कुतूहल वाटते. कर्मविपाकाचे शास्त्र ज्यांना अपरिचित असणे शक्य नव्हते असा हा माणूस; आपल्या रोगाकडे त्यांनी कोणत्या अर्थाने पाहिले असेल? त्यांनी आश्रमीयांना संस्कृत शिकविले एवढे दिसते. रोगाने वाकलेल्या बोटांनी पाठ घेतला जात होता आणि शिष्य समोर बसत होते. वर्ध्याजवळच दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांसाठी वसाहत सुरू केली होती. परचुरेशास्त्री अखेरीस तेथे गेले आणि १९४५ साली तेथेच वारले. याच जिल्ह्यातील हिंगणघाटात जन्मलेले बाबा आमटे यांनी वरोऱ्यास असताना मैल्याची टोपली डोक्यावर घेतली होती, आणि त्याच काळात पावसात भिजत पडलेल्या एका कुष्ठरोग्याला पाहून ते भयाने घरी पळाले होते. टोपली उचलणाराला रोग्याचे भय वाटावे, आणि त्या भयाची लाज वाटून १९४९ साली महारोगी सेवा समिती व १९५१ साली आनंदवन उभे राहावे, हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. येथे त्याचा विस्तार करीत नाही.

कमी परिचयाचे आहे ते वर्ध्यातच पुढे जे घडले ते. गांधीजींच्या पश्चात १९५१ साली तेथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. वारदेकर यांनी त्याच्या कामाची पद्धत घालून दिली. तोवर कुष्ठसेवा म्हणजे वसाहत, आश्रय, दयाधर्म. रोगी टाकला जावयाचा आणि मग कोणी पुण्यवानाने त्याला उचलावयाचे. सल्फोन जातीची औषधे १९४० नंतर आली, तेव्हा या क्रमाला अर्थ उरला नव्हता. डॉ. वारदेकरांनी रोग्याची वाट पाहणे सोडून दिले. त्यांचे कार्यकर्ते गावोगाव, घरोघर जाऊन साऱ्या माणसांची तपासणी करू लागले; लोकांना रोगाची माहिती द्यावयाची, आणि ज्याला रोग आहे त्याला त्याच्याच घरी राहू देऊन औषध द्यावयाचे. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत प्रथम वापरली गेली व नंतर देशाच्या कार्यक्रमात गेली. १९८० नंतरच्या दशकात एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याचा उपचार देशात सुरू झाला, तेव्हा आरंभीच्या जिल्ह्यांत वर्धा होता.

या घरोघरच्या तपासणीचे वर्णन करण्यासारखे आहे, कारण त्यात पाहण्यासारखे काहीच नसते. कार्यकर्ता सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसतो. घरातील एकेकाला उजेडात उभे करून पाठ, दंड, मांड्या पाहतो. फिकट चट्टा दिसला तर त्याला डोळे मिटावयास सांगून पिसाने किंवा पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करतो आणि कोठे लागले ते बोटाने दाखवावयास सांगतो. मग कोपराजवळची शीर चाचपतो. विचारतो ते एवढेच : चट्टा केव्हापासून आहे, तेथे बधिर वाटते काय, आणि घरात आणखी कोणाला आहे काय. हे तो वहीत लिहितो. घराचा क्रमांक, नाव, वय, चट्टे किती, गोळ्या कोणत्या तारखेस दिल्या. गोळ्यांचा क्रम पुरा झाला म्हणजे त्या नावापुढे शेवटची तारीख घालून तो रकाना बंद करतो आणि पुढच्या घरी जातो.